कागदावर नाव नसलेली माणसे



चिटणिसांनी माझ्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'अक्षय ऊर्जा आणि कंपन्यांचे उत्तरदायित्व' असा छापला आहे. एवढ्या लांबलचक नावाचे व्याख्यान ऐकण्यासाठी उकाड्याच्या संध्याकाळी आपण आलात, याबद्दल प्रथम आपलेच अभिनंदन करतो. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, इंजिनिअरही नव्हे. जमिनीचे दावे चालवण्यात आयुष्य गेलेला वकील आहे. त्यामुळे मला या विषयाकडे कागदाच्या बाजूनेच पाहता येते.

ऊन, वारा आणि पडते पाणी यांपासून वीज करताना कोळसा जळत नाही, धूर निघत नाही. तेव्हा अशी वीज करणारी कंपनी आपोआपच सज्जन ठरते, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे. तो तपासायला फार दूर जायला नको. मुळशीच्या तलावावर पावसाळ्यात आपण सगळेच जातो, कणीस खातो, फोटो काढतो आणि परत येतो. तो तलाव हा त्या काळचा अक्षय ऊर्जेचाच प्रकल्प होता. शब्द तेवढा नवा आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे १९२७ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचे, बोगद्यातून ते घाटाखाली कोकणात सोडायचे आणि त्या विजेवर मुंबईचे व्यवहार चालवायचे, ही कल्पना भव्य होती यात शंका नाही. भिऱ्याचे वीजघर शंभरीला आले तरी आज चालू आहे. टिकाऊपणाचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पण त्या पाण्याखाली पन्नासच्या आसपास गावे आहेत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तेथे सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे घरोघरी पोहोचले. विनायकराव भुस्कुट्यांचे तितके पोहोचले नाही, याचे मला वाईट वाटते. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी धरण झाले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगताना तिचा एक भाग गाळतो.

तो भाग असा. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. या कायद्याचा सातवा भाग खास कंपन्यांसाठीच लिहिलेला होता. भरपाई द्यायची ती मालकाला. आता मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनीचा मालक कोण होता? कर्जापायी त्या जमिनी सावकारांकडे गेलेल्या होत्या, आणि हे सावकार बव्हंशी आपल्याच पुण्यात राहत होते. जो मावळा पिढ्यान्‌पिढ्या तेथे भात लावीत होता तो कुळ होता. कागदावर त्याचे नाव नव्हते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे तो मुळातून वाचावा. सावकाराला भरपाईचा आकडा वाढवून हवा होता आणि कुळाला जमीन सोडायचीच नव्हती, ही फूट त्यात स्वच्छ दिसते. आजच्या श्रोत्यांपैकी एखाद्याच्या पणजोबांना तो पैसा मिळालाही असेल. मी कोणाला बोल लावीत नाही. दोष एकट्या कंपनीवर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही, एवढेच म्हणतो.

तुम्ही म्हणाल, ते परक्यांचे राज्य होते. मग नॉर्वेचे पाहा. तेथे फोसेन नावाच्या द्वीपकल्पावर दोन पवनक्षेत्रे मिळून १५१ पवनचक्क्या उभ्या आहेत. मालकीत मोठा वाटा सरकारी कंपनीचा. त्या डोंगरावर सामी लोक हिवाळ्यात आपले रेनडियर चारतात. त्यांचा हक्क चराईचा. एका न्यायालयाने तो पैशात मोजला आणि जनावरे राखून चारा घालण्याचा खर्च भरपाई म्हणून ठरवला. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की परवानेच अवैध आहेत. कारण चराई गेली म्हणजे त्या लोकांची संस्कृती गेली. निकाल लागला तरी चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ साली सामी तरुण राजधानीत मंत्रालयात ठाण मांडून बसले, तेव्हा सरकारने क्षमा मागितली. त्या वर्षाच्या अखेरीस आणि २०२४ साली तडजोडी झाल्या. चक्क्या आजही तेथेच आहेत. म्हणजे लोकशाही आहे, श्रीमंती आहे, न्यायालय बाजूने आहे, आणि तरीही बांधकाम आधी व विचारणा मागाहून झाली की असे होते.

आपल्याकडे २०१३ सालचा नवा भूसंपादन कायदा या बाबतीत पुष्कळ पुढे गेला. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत त्याने कूळ, वाटेकरी, शेतमजूर यांना घेतले. मुळशीच्या मावळ्याला हे नव्वद वर्षे उशिरा मिळालेले उत्तर होय. परंतु सौर कंपनी जेव्हा मालकाशी थेट भाडेपट्टा करते, तेव्हा भूसंपादन होतच नाही आणि ती व्याख्या बहुधा पुस्तकातच राहते. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सौर कृषिवाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरवले. कोरडवाहू शेतकऱ्याला दिवसा वीज आणि वर भाडे. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. परंतु त्याच रानात खुरपणीला जाणारी बाई आणि पीक निघाल्यावर मेंढरे बसवणारा धनगर यांचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि भाडेपट्ट्यावरही नाही. तारेचे कुंपण पडले की त्यांचा हंगाम संपला.

येथे कोणी म्हणेल, कंपन्या गावात शाळा बांधतात, दवाखाना चालवतात, ते काय? कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्चाचे बंधन घातले आहे. त्याचे मी स्वागतच करतो. पण नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेले काम त्या खर्चात धरता येत नाही, असे नियमच सांगतात. दोन टक्के कसे वाटले हे हे कलम विचारते. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले, हे विचारणे त्याच्या कक्षेत नाही. धनगराची चराई त्या अठ्ठ्याण्णवात बसते. पंचवीस वर्षांनी पवनचक्कीची जुनी पाती कोण उचलणार, हा प्रश्नही तेथेच बसतो. भाडेपट्ट्याच्या मसुद्यात तो मी नेहमी आधी शोधतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेअर आहेत. २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना वार्षिक अहवालात जबाबदारी आणि शाश्वततेविषयी सविस्तर निवेदन द्यावे लागते. ते चकचकीत कागदावर असते म्हणून आपण उलटून टाकतो. यंदा उलटू नका. वार्षिक सभेत भागधारकाला बोलता येते. उठून एवढेच विचारा, की आपल्या प्रकल्पांच्या जागेवर आधी कोण काम करीत होते, कोणाची जनावरे चरत होती, त्यांची यादी कंपनीपाशी आहे काय, आणि असल्यास ती कुंपण घालण्यापूर्वी केली की नंतर.