रविवारी किती भाकऱ्या थापायच्या?

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी आसनगाव स्टेशनवर पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं उतरतात. माहुली किल्ल्यावर जायचं असतं त्यांना. पायथ्याशी आमच्या गटातल्या बायका त्यांना जेवण देतात. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा.

एका रविवारी आम्ही 60 जणांचं रांधलं, आले 22. उरलेलं गुरांना घातलं. पुढच्या रविवारी उलटंच झालं. भाकऱ्या संपल्या, पोरांनी बिस्किटं खाल्ली आणि पुडे ओढ्याकाठी पडले.

मग गटातल्या एका सूनबाईने फोनवरच्या एआयला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला, मराठीत बोलून विचारलं. वहीतले दोन महिन्यांचे आकडे सांगितले. वार कुठला, पाऊस होता का, माणसं किती. त्याने पुढच्या रविवारचा अंदाज दिला. तो दर वेळी बरोबर येतो असं नाही, पण आता अन्न कमी वाया जातं. यात जादू काही नाही, हिशेब आपल्याच वहीतला. वहीच नसेल तर ते काय सांगणार? आणि किल्ल्यावर जायला बंदी आली, तर तेही आपणच त्याला सांगायचं.

जाहिरात लिहायला सांगितली, तेव्हा मात्र त्याने आमच्या घरांत एसी खोल्या आणि पोहण्याचा तलाव घातला! हसू नका. तशीच पुढे पाठवली असती, तर बोलणी आपणच खाल्ली असती.

प्रयागराजच्या 2025 च्या कुंभात एआयच्या कॅमेऱ्यांनी गर्दी मोजली. तरी 29 जानेवारीच्या चेंगराचेंगरीत सरकारी आकड्याप्रमाणे 30 माणसं गेली. नुसतं मोजून भागत नाही. 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थाची स्नानं आहेत, आणि मुंबईहून नाशिकचा रस्ता नि रेल्वे आपल्या दारावरूनच जातात.

आता पाण्याचं. भातसा, तानसा आपल्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर. म्हणून 'जास्त पाहुणे कसे येतील' हे आम्ही विचारणं सोडलं. 'एवढ्या हंड्यांत किती पाहुणे झेपतील' असं विचारतो. उत्तर आलं तरी ठरवते गटाची बैठक. मार्च ते मे मुक्कामाला 8 च पाहुणे, असं ठरलंय. दोघी जणी अजून नाराज आहेत, त्यांची कमाई बुडते हे खरंच आहे. पुढच्या बैठकीत वही उघडून त्यांच्यासोबत बसणार आहोत.