हेतू आणि हेत्वाभास



सभेत वाद होतात, हे संस्था जिवंत असल्याचे लक्षण होय. परंतु वादात जिंकलेली बाजू खरीच होती काय, ही शंका बहुधा सभा संपल्यावर, चपला घालताना मनात येते. तोवर ठराव मंजूर झालेला असतो.

या विषयाचा जैन आचार्यांनी फार सूक्ष्म विचार केला आहे. आचार्य माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुख’ या सूत्रग्रंथात सहा समुद्देश असून त्यांतील अखेरचा आभासांविषयी आहे. कारणासारखे दिसते, पण जे सिद्ध करावयाचे ते सिद्ध करीत नाही, ते हेत्वाभास. त्याचे असिद्ध, विरुद्ध, अनैकांतिक व अकिंचित्कर असे चार प्रकार तेथे सांगितले आहेत.

असिद्धाचे उदाहरण मोठे मार्मिक आहे. शब्द परिणामी, म्हणजे पालटणारा आहे. का, तर तो डोळ्यांना दिसतो! शब्द परिणामी आहे हे जैन दर्शनाला मान्यच आहे. तरीही आचार्यांनी हा हेतू फेटाळला, कारण शब्द दिसत नाही, ऐकू येतो. निष्कर्ष स्वपक्षाचा असला म्हणून खोटे कारण त्यांनी चालवून घेतले नाही. सभागृहात मात्र आपल्या बाजूच्या वक्त्याचे लंगडे कारणही टाळ्या घेऊन जाते.

विरुद्ध हेतू उलटेच सिद्ध करतो. “लोकांनी विश्वासाने पैसा दिला आहे, म्हणून हिशेब तपासण्याचे कारण नाही,” हे विधान कानाला गोड लागते. वास्तविक पैसा दुसऱ्याच्या विश्वासाचा आहे, म्हणूनच तो तपासला पाहिजे. सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्यात लेखापरीक्षणाची तरतूद आहे, ती याच भूमिकेतून.

सर्वांत फसवा प्रकार अनेक उदाहरणांच्या आधारे उभा राहतो. न्यायग्रंथांत मैत्रीच्या पुत्रांचा दृष्टांत येतो. मैत्री नावाच्या स्त्रीचे आजवरचे सर्व पुत्र सावळे, म्हणून गर्भातला पुत्रही सावळाच होणार! कापडाच्या पेढीवर ही चूक नित्य घडते. एकाच मिलचा शिक्का असलेली तीन ठाणे धुऊन पाहिली, रंग पक्का निघाला. तेव्हा चौथे न पाहताच घेतले. पहिल्याच धुण्यात गिऱ्हाइकाचे पांढरे कपडे रंगले, मग दुकानात रामायण! रंगाचा पक्केपणा रंगद्रव्यावर व रंगविण्याच्या प्रक्रियेवर अवलंबून असतो, शिक्क्यावर नव्हे. ओला पांढरा फडका घासून पाहणारा नोकर अशा वेळी मालकापेक्षा मोठा नैयायिक ठरतो.

म्हणूनच आचार्य पात्रस्वामींनी हेतूचे एकच लक्षण महत्त्वाचे मानले: अन्यथानुपपत्ती. साध्य नसेल तर हेतू असूच शकत नाही, असा अतूट संबंध हवा. कृत्तिका उगवल्या की थोड्या वेळाने रोहिणी उगवणार, हे अनुमान निर्दोष आहे. येथे उदाहरणांच्या संख्येला महत्त्व नाही. नक्षत्रांचा क्रमच तसा आहे. “मागील तिन्ही कोषाध्यक्ष अमुक घराण्यातील होते आणि हिशेब चोख होते, म्हणून चौथाही त्याच घरातून घ्या,” यात तसा संबंध कोठे आहे? चोखपणा त्या व्यक्तींचा होता. त्याच घरातील चौथा गृहस्थ लायक असेलही, पण त्याची पारख स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

हेत्वाभास अनवधानाने घडतो. छल मात्र जाणूनबुजून केला जातो. नवा कांबळा पांघरलेल्या मुलाला कोणी ‘नवकंबल’ म्हटले, तर प्रतिवादी विचारतो, “याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत?” ‘नव’ शब्दाचे दोन अर्थ, एवढीच त्याची पुंजी. तत्त्वाच्या रक्षणासाठी छलाचा आश्रय न्यायदर्शनाने काही प्रसंगी क्षम्य मानला; १२ व्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी मात्र तो मान्य केला नाही.

आता समजा, धर्मशाळेच्या छपराचा खर्च वाचून दाखविला जात असता एका साध्या सभासदाने पावती पाहू मागितली. उत्तर आले, “आपण आजवर देणगी किती दिली?” सभा हसली. तो गृहस्थ खाली बसला आणि पुढच्या वर्षी सभेलाच आला नाही. त्याची देणगी अकरा रुपये असो वा अकरा लाख, पावतीच्या खरेखोटेपणाशी तिचा संबंध नव्हता. ती पावती मात्र अजून कोणी पाहिलेली नाही.