चौऱ्याण्णव प्रेतं आणि एक जास्तीचं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ऐतिहासिक रहस्यकथा लिहायची तर इतिहासाशी किती खेळायचं? म्हणून आज ईडिथ पार्जेटर, म्हणजेच एलिस पीटर्स.

जन्म १९१३, इंग्लंडमधल्या श्रॉपशरचा. कॉलेज नाही. शाळा संपल्यावर काही वर्षं औषधांच्या दुकानात नोकरी, मग महायुद्धात नौदलाच्या महिला दलात. लिखाण सगळं या सोबतच. पहिली कादंबरी १९३६ची. जिच्यामुळे जग तिला ओळखतं ती ब्रदर कॅडफेलची मालिका मात्र १९७७मध्ये सुरू झाली, म्हणजे साठी उलटल्यावर! कॅडफेल हा बाराव्या शतकातल्या श्रूजबरीच्या मठातला साधू, जडीबुटीची बाग सांभाळणारा. औषधांच्या दुकानातली ती वर्षं कुठे गेली, ते कळलं ना?

आता तिची खरी गंमत. ११३८मध्ये राजा स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीला फासावर लटकवलं. हे इतिहासात नोंदलेलं आहे. दुसऱ्या कादंबरीत कॅडफेल त्या प्रेतांच्या अंत्यसंस्काराची तयारी करायला जातो. फाशी दिलेले ९४. तो मोजतो, तर भरतात ९५. आम्ही कोड लिहिणारे याला ऑफ-बाय-वन म्हणतो आणि दुरुस्त करून पुढे जातो. ईडिथबाईंनी त्या एकावर अख्खी कादंबरी उभी केली. राजा तोच, वेढा तोच, फाशीही तीच. तिचा स्वतःचा फक्त तो पंचाण्णवावा.

पहिल्या कादंबरीत ती जास्त धीट आहे. मठाचा प्रायर रॉबर्ट हा खराखुरा माणूस. वेल्समधून संत विनिफ्रेडच्या अस्थी त्याने आणल्या, त्याचा वृत्तांतही स्वतःच लिहिला. तिने त्याला गर्विष्ठ, मिरवणारा दाखवलाय. मला विचाराल तर जरा अन्यायच. पण खून काही त्याच्या माथी मारला नाही. (हा अर्धाच स्पॉयलर आहे, माफ करा.)

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे काय होतं बघा. १७७३मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला ही गोष्ट खरी की रचलेली, यावर वाद आहेत. पण अडीचशे वर्षं झाली, शिक्का बसला तो बसलाच. वाक्प्रचारच झाला.

त्यामुळे तुमच्यापैकी जे मोबाईलवर पेशवाईतली रहस्यकथा टाइप करत बसलेत, त्यांना माझा आग्रह: खुनी तुमचा स्वतःचा घडवा. वाड्यात पहारेकरी होते, आचारी होते, कारकून होते. त्यातल्या बहुतेकांची नावंही कुठे लिहिलेली नाहीत. जागा भरपूर आहे.

कॅडफेलच्या एकूण २० कादंबऱ्या आहेत, शेवटची १९९४ची. सुरुवात दुसरीपासून केलीत तरी अडत नाही. चला, भेटू पुढच्या भागात.