पुस्तक देणारा हात

पंढरपुरात महाद्वाराच्या बाजूने देवळाकडे निघालात, म्हणजे दुतर्फा दुकाने लागतात. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, टाळ, चुरमुरे-बत्तासे; आणि या सगळ्याच्या जोडीला पोथ्या. हरिपाठ आहे, गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे. आषाढीच्या गर्दीत एखादी म्हातारी वारकरीण अशा दुकानापुढे थांबते, कनवटीची पुरचुंडी सोडते आणि हरिपाठाची लहानशी प्रत मागते. दुकानदार विचारतो, "आजी, वाचता येतं का?" ती म्हणते, "मला कुठलं बाबा! नातवाला देईन. त्यो वाचंल, मी ऐकंन."

हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. आज पुस्तकांविषयी बोलायचे ठरले, तेव्हा सर्वांत आधी ही आजीच डोळ्यांपुढे उभी राहिली.

पुस्तकाने आयुष्य बदलते, असे आपण फार सहज बोलून जातो. पण खरं सांगायचं तर बहुतेक पुस्तकांनी काहीच बदलत नाही. आपण वाचतो, 'छान आहे' म्हणतो आणि मिटून ठेवतो. मग थोड्यांच्याच बाबतीत ते का घडावे? गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात रस्किनचे पुस्तक वाचले आणि त्यांची राहणी पालटली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ते पुस्तक पोलाक नावाच्या मित्राने निघतेवेळी त्यांच्या हाती ठेवले होते, हे आपण विसरतो. पुस्तकाची गोष्ट आपण सांगतो. देणाऱ्या हाताची राहून जाते.

आता आपल्याकडचीच गोष्ट घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा एकटाच वाचत बसलेला असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक व ग्रंथकार त्याच बागेत येत. तुकारामबुवांचे चरित्र लिहिणारे हे गृहस्थ. त्यांनी मुलाची चौकशी केली, ओळख वाढवली, वाचायला पुस्तके दिली. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही केवळ जातीमुळे त्याला ती भाषा मिळाली नव्हती. त्याऐवजी फारशी घ्यावी लागली होती. पुढे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्याच्या सत्काराची सभा भरली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले.

त्यानंतर काय झाले, ते बाबासाहेबांनीच १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत सांगितले आहे. पुस्तक वाचून मुलगा वडिलांपाशी गेला. आपण आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, मग बुद्धाची ओळख का करून दिली नाही, असे त्याने विचारले. म्हणजे पाहा, पुस्तकाने त्याला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न विचारण्याचे बळ दिले. केळुसकरही भेट देऊन थांबले नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांनी रदबदली केली, दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचे शिक्षण चालू राहिले. केळुसकर १९३४ साली वारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांसह बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ते पाहायला ते नव्हते. पेरणाऱ्याला पीक दिसतेच असे नाही.

दुसरे उदाहरण गोव्यातले. धर्मानंद कोसंबींचा जन्म १८७६ साली साखवाळ गावी झाला. शिक्षण बेताचेच, आणि घरच्या नारळीच्या बागेची कामे पाठीशी लागलेली. अशा या तरुणाच्या हाती 'बालबोधमेवा' हे मुलांचे मासिक आले. त्यात बुद्धाचे चरित्र होते. मुलांसाठी लिहिलेले ते चार पानांचे वाचन, पण त्याने या माणसाची झोप उडवली. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले, पाली शिकले आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन ग्रंथसंशोधन केले. हे सारे त्यांनी आपल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पण निघाले तेव्हा घरी पत्नी होती, लहानगी मुलगी होती. एकाला पुस्तकाने हाक मारली आणि तिची किंमत घरातल्यांनीही मोजली. ज्याचे कौतुक करायचे, त्याची ही बाजूही सांगायला हवी.

या दोन्ही गोष्टींत मला एक साम्य दिसते. वाचणाऱ्याच्या मनात आधीच काहीतरी धुमसत होते. पुस्तक म्हणजे फुंकर. राख कितीही फुंकली तरी जाळ होत नाही. पण आत निखारा असला, तर मुलांचे मासिकही पुरते.

आता पुन्हा पंढरपुरास येऊ. नामदेवांच्या पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. जन्मभर ज्या दाराबाहेर उभे राहायचे, त्या दाराबाहेरच विसावा मिळाला. मात्र त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते. तेही देणारेच हात! माणूस बाहेर राहिला. शब्द लिहिले गेले म्हणून टिकले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी याच गावी, तनपुरे महाराजांच्या मठात, मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषणास बसले. आणि १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मूळासंबंधीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. बागेत पुस्तक घेणारा मुलगा आता चोखोबांना पुस्तक देत होता. वर्तुळ कुठून निघाले आणि कुठे येऊन मिळाले, पाहा.

श्रोतेहो, दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणे सोपे. माझी स्वतःची एक सांगतो, आणि मग पुरे करतो.

उमेदीच्या काळात एका शाळेच्या ग्रंथसंग्रहाचे काम माझ्याकडे होते. तीन कपाटे, आणि त्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. पुस्तकं नीट राहावीत, एवढीच मला काळजी. कोरी करकरीत, ओळीने लावलेली. एका कार्तिकीला चहाच्या दुकानात कपबशा विसळणारा एक मुलगा दारात आला. हात ओले होते, ते त्याने सदऱ्याला पुसले. "गुरुजी, एखादं पुस्तक द्याल का? उद्या आणून देतो." मी विचारले, "अनामत कुठाय? आणि फाडलंस तर?" तो काही बोलला नाही. क्षणभर कपाटाकडे पाहत राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात मुद्दाम गेलो. पण जत्रा पांगली होती, आणि जत्रेपुरता आलेला तो मुलगाही.

त्याच्या मनात निखारा होता की नव्हता, हे मला कधीच कळायचे नाही. कदाचित चित्रे पाहून त्याने पुस्तक परत केले असते. पण फुंकर घालण्याची वेळ आली होती, आणि मी किल्ली घट्ट धरून बसलो होतो. पुस्तके मात्र अगदी नीट राहिली. पुढे त्यांतली कित्येक वाळवीने खाल्ली.

तेव्हापासून मी पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणत नाही. काही परत येतात, काही येत नाहीत. जी येत नाहीत, ती कोणाच्या तरी घरी आहेत असे समजून मी निश्चिंत असतो. आज मोबाईलवर अख्खी गाथा मिळते, हे चांगलेच आहे. तरी 'हे तू वाच' म्हणून कोणीतरी हातात ठेवावे लागते, ते अजून सुटलेले नाही.

तेव्हा एवढेच मागणे. पुढच्या वारीला पंढरीस आलात, तर बुक्का नि चुरमुरे घ्याच. पण त्या आजीसारखे एक पुस्तकही घ्या, आणि ते स्वतःच्या कपाटात न ठेवता घराजवळच्या एखाद्या पोराच्या हाती द्या. त्याचे हात ओले असले, तरी द्या.