चूक दिसली? वहीत लिहा!

इंझोरीहून आम्ही गटातल्या बाया बोलतो आहोत.

मुलींनी पटावरचा खेळ मांडला. कुणी सरपंच, कुणी सावकार, कुणी शेतकरीण. पण भांडण जुंपलं. नियमपुस्तकात पान ४ वर सहा पडले की पुन्हा फासा टाका, अन् पान ९ वर डाव पुढचीचा! ‘खोटारडी’ ऐकून एक लेक रडत उठली. चूक पुस्तकाची होती.

आम्ही वहीत रकाने आखले: पान, ओळ, काय छापलं, काय हवं. अक्षरांच्या चुका वेगळ्या, एकमेकांना खोडणारे नियम वेगळे. मग सगळ्यांनी मिळून एकच नियम ठरवला. लेक परत खेळायला बसली.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले. तेही पुढे सुधारलेच.

कर्जाच्या कागदावर सही करण्याआधीही असंच वाचू या!