हंडा कुणाचा, गुन्हा कुणाचा?

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथे दारूविरोधी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आपण ज्या कुंभारीत आज जमलो आहोत, तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायांची दहा हजार घरं उभी आहेत. २००६ साली ती घरं मिळाली. रे नगरमध्ये २०२४ च्या जानेवारीत आणखी १५,००० घरांचा ताबा मिळाला. डोक्यावर हक्काचं छप्पर आलं, ही लहान गोष्ट नाही. पण त्या छपराखाली संध्याकाळी नवरा कोणत्या अवस्थेत येतो, हजार विड्यांमागे मिळालेली मजुरी कुणाच्या खिशात जाते, हा प्रश्न घराबरोबर सुटला नाही. म्हणून तर आपण इथे बसलो आहोत.

मला दारूबंदीवर बोलायला सांगितलं आहे. मी मात्र आज बिअर कशी बनवतात हे सांगणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग हवं तर भांडा.

आधी बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच कामाला लागले होते. सोलापूरच्या आसपासच्या एका वस्तीवर हातभट्टी चालायची. आजूबाजूच्या बाया कंटाळल्या होत्या. आम्ही मोर्चा काढला, पोलिसांना बरोबर घेतलं आणि वस्तीवर गेलो. काळा गूळ, नवसागर घालून आंबवलेलं रसायन पिंपांत भरलेलं होतं. पिंपं उलथली, हंडे फोडले. चार हंडे मी माझ्या हाताने फोडले. घोषणा दिल्या. फोटो निघाले.

निघताना एक मावशी वाटेत उभी राहिली. पन्नाशीची असेल. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाली, "ताई, फोडलं ते फोडलं. आता एवढं सांगून जा, उद्या चूल कशावर पेटवू?"

मी म्हटलं, "मावशी, दुसरं काम बघा."

ती म्हणाली, "तूच बघून दे की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. केस तिच्यावर झाली. गूळ उधारीवर देणारा, माल उचलून गाडीने नेणारा, या कुणाचंच नाव कागदावर आलं नाही. आम्ही मात्र विजयी होऊन परतलो. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते.

त्यानंतर पाचेक वर्षांनी मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला अमेरिकेत, न्यू जर्सीला गेले. बाळ दोन महिन्यांचं झालं होतं. एका रविवारी बहिणीच्या यजमानांनी जाहीर केलं, आज घरी बिअर करायची. त्याआधी दुकानातून डब्यातला तयार अर्क आणून त्यांनी एकदोनदा केली होती. या वेळी थेट धान्यापासून, पहिल्यांदाच. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलं. मोठं पातेलं, थर्मामीटर, नळ्या, पुस्तक आणि वीस लिटरसाठी पाच किलो माल्ट. मी कुतूहलाने पिशवीत हात घातला. जव होते. मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले जव. वास थेट आईच्या डब्यातला, नाचणीच्या सत्वाचा.

पाणी तापवून त्यात ही भरड घालायची आणि तासभर ६५ ते ६७ अंशांवर ठेवायची. मोड येताना धान्यात जे पाचक रस तयार होतात, ते एवढ्या उष्णतेला पिठाची साखर करतात. पाणी फार तापलं तर ते रस मरतात, आणि मग पिठाचं पीठच राहतं. यजमानांचं पाणी गेलं ७४ वर. पुस्तकाची पानं उलटू लागले. मी आपलं गार पाणी घेतलं आणि विसण घातलं, आंघोळीच्या पाण्याला घालतो तसं. काटा खाली आला. आयोडिनचा थेंब टाकून पाहिला. निळाकाळा रंग आला असता तर पीठ शिल्लक आहे असं समजायचं. नाही आला.

मग ते गोड पाणी चाळणीतून गाळून काढायचं. ते गळेना. चिखलासारखं बसलं. मी भरड बोटांत चोळून पाहिली. फार बारीक झाली होती, पीठच झालं होतं. कोंडा अख्खा राहिला असता तर त्यातूनच पाणी झिरपलं असतं. लापशीची भरड आणि भाकरीचं पीठ यांतला फरक जात्यावर बसलेल्या कुठल्याही बाईला कळतो. हलक्या हाताने वरचा थर मोकळा केला, थोडं गरम पाणी घातलं, धार लागली. यजमान म्हणाले, "ताई, तुम्हाला कसं कळलं?"

पुढे तासभर उकळलं, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घातली, भराभर गार केलं, यीस्ट घालून झाकून ठेवलं. दोन आठवड्यांनी थोडी साखर घालून बाटल्यांत भरलं, आणखी दोन आठवडे थांबले. सगळी मेहनत स्वच्छतेची आणि धीराची. मग मित्र जमले, वाहवा झाली. बाटलीवर यजमानांच्या नावाची चिठ्ठी होती. मी एक घोट चाखला, कडू लागला, ठेवून दिला. आणि त्या दिवशीची सगळी भांडी कुणी घासली, हे तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. वाटेत उभी राहिलेली ती मावशी आठवली.

विचार करा. यांतलं काय आपल्याला परकं आहे? मोड आणणं, वाळवणं, भरडणं, शिजवणं, आंबवणं हे सगळं बाईचंच काम. आमच्या आईचं माहेर लातूरकडचं. येळवसेला ज्वारीची आंबील डोक्यावर घेऊन बाया शेतात जातात. आंबील म्हणजे दारू नव्हे, पण आंबवण्याची विद्या तीच. मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेल्या आपल्या मुलखातल्या बाईला ती शिकवावी लागत नाही.

आणि जगभर हे काम बायांचंच होतं. प्राचीन सुमेर देशात बिअरची देवताच स्त्री होती, निनकासी. इंग्लंडमध्ये मध्ययुगात गावोगाव बाया घरी बिअर करून विकत. पुढे धंदा मोठा झाला, भांडवल लागू लागलं, तशा त्या बाहेर पडल्या. झारखंडात संताळ, मुंडा बाया आजही भाताची हंडिया करतात. आफ्रिकेत ज्वारीची बिअर करतात. ज्वारीला मोड आणायचे, पेज आंबवायची, शिजवायची, गार झाल्यावर मोडांचं पीठ घालून एकदोन दिवस ठेवायचं. दाट, आंबट, सौम्य.

या ज्वारीच्या बिअरची एक कथा आपल्या चळवळीने ऐकायला हवी. दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहराने १९०८ च्या कायद्याचा आधार घेऊन ही बिअर बनवण्याची आणि विकण्याची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. नगरपालिकेने बिअरचे गुत्ते काढले आणि त्याच पैशावर काळ्या लोकांवर राज्य करणारं खातं चालवलं. घरी बिअर करणाऱ्या बायांवर धाडी पडत, हंडे ओतून देत. पुरुष पगार घेऊन गुत्त्यात जात आणि घरी रिकाम्या हाताने येत. १९५९ च्या जूनमध्ये केटो मॅनोर वस्तीतल्या बाया उठल्या. त्यांनी आपले हंडे फोडले नाहीत. त्या काठ्या घेऊन नगरपालिकेच्या गुत्त्यात शिरल्या, बिअर ओतून दिली, पुरुषांना हाकललं. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. बाईचा हंडा गुन्हा आणि सरकारचा गुत्ता कायदेशीर, हे त्यांना मान्य नव्हतं.

आता आपल्याकडे वळू. इथेही दारू सरकारच्या हिशेबात कशी आली ते पाहा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गाळण्याचं काम मक्तेदारांच्या हाती गेलं. १८९२ साली ठाणे, कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधनं आली. उद्देश लोकांची दारू सोडवण्याचा नव्हता, महसूल वाढवण्याचा होता. म्हणून १८८० साली जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेला दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. परवान्याशिवाय घरात बिअर करणं आजही या कायद्याने गुन्हा आहे. मात्र २००७ साली याच राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आणलं. राज्यभर टीका झाली, तरी विचार काय होता तो पाहा. ज्वारी कारखान्यात आंबली तर उद्योग, बाईच्या हंड्यात आंबली तर गुन्हा. पुण्यात आज हॉटेलातच बिअर बनते, मायक्रोब्रुअरी म्हणतात तिला, तिथे बनवणाऱ्याला कलावंत मानतात. अमेरिकेत १९७८ साली कायदा बदलला. घरात दोन प्रौढ माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर बिअर घरच्यापुरती करता येते. आमच्या बहिणीच्या यजमानांची ती हौस आहे. मावशीवर मात्र केस झाली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुम्ही हातभट्टीची वकिली करता आहात का? नाही. स्पष्ट सांगते. घरच्या बिअरमध्ये पाचेक टक्के मद्यार्क असतो. हातभट्टीची दारू गाळलेली, कितीतरी कडक असते. शिवाय धंद्यातला माणूस जास्त नफ्यासाठी तिच्यात कारखान्याचं मिथेनॉल मिसळतो, तेव्हा ती विष होते. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरहून जास्त माणसं गेली ती अशी. आणि बिअरसुद्धा निर्धोक नाही. मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे. नवऱ्याने बिअर पिऊन मारलं काय आणि देशी पिऊन मारलं काय, गालावरचा वळ तोच. दारूविरुद्धची आपली लढाई खरीच आहे. १९७२ च्या सुमाराला शहाद्याच्या आदिवासी बायांनी, १९९२ साली नेल्लोरच्या बायांनी ती लढवली. त्यांच्याच वाटेने आपण चालतो.

माझं म्हणणं एवढंच, की लढाई कुणाशी आहे ते नीट पाहू या. भट्टीपाशी आपल्याला जी भेटते ती साखळीतली शेवटची कडी असते. बाई म्हणून तिचीही स्थिती आपल्यासारखीच. तिचाही नवरा पितो. तिलाही मार बसतो. तिच्या हंड्यावर पहार घालणं सोपं आहे, कारण ती उलट काही करू शकत नाही. गुळाच्या व्यापाऱ्याच्या गोदामासमोर उभं राहणं अवघड, म्हणून आपण तिथे जात नाही.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवते.

पहिली, वस्तीवर मोर्चा नेण्याआधी दोघीतिघींनी जाऊन भट्टी लावणाऱ्या बाईशी बोलायचं. गूळ कोण देतो, माल कोण नेतो, तिच्या हातात काय उरतं, हे विचारायचं. तक्रार देताना ती वरची नावं लिहून द्यायची.

दुसरी, पर्यायी काम आधी. हे अशक्य नाही. आपल्याच जिल्ह्यात २०२१ साली तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसत्या धाडी न घालता दुसरा रोजगार देण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या एक वर्ष आधी झारखंडात हंडिया विकणाऱ्या बायांना बिनव्याजी कर्ज देणारी 'फुलो झानो' योजना आली. अशा योजना अधिकारी बदलला की थंडावू नयेत, यासाठी गटांनी पाठपुरावा करायचा. तो आपलाच मोर्चा समजा.

तिसरी, परवान्याच्या दुकानाला विसरायचं नाही. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर मतदान घेता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. २००८ च्या आदेशाने हा हक्क दिला आहे. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या, हे ध्यानात ठेवा. म्हणजे त्या दिवशी विड्यांचं सूप बाजूला ठेवून प्रत्येकीने यायला हवं. भट्टीवाल्या मावशीनेसुद्धा. तिचं मत हवं असेल तर तिचा हंडा फोडून ते मिळणार नाही.

बारा वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं होतं, दुसरं काम बघा. ती म्हणाली होती, तूच बघून दे की. मैत्रिणींनो, ते अजून द्यायचं राहिलं आहे. पुढच्या बैठकीत आपल्या प्रत्येक गटाने निदान एका अशा बाईचं नाव आणि तिच्यासाठी शोधलेलं काम लिहून आणावं, अशी मी सूचना मांडते. माझ्या यादीत पहिलं नाव त्या मावशीचं असेल.