अमेरिकी संगीताचे जनकत्व: एका पदवीचे दावेदार

अमेरिकी संगीताचा जनक कोण, हा वाद संगीताच्या इतिहासातून जितका निघतो, तितकाच तो त्या राष्ट्राच्या जडणघडणीतूनही निघतो. 1776 साली जाहीरनामा काढून जन्मलेल्या या राष्ट्राला आपल्या राज्यघटनेचे, सैन्याचे आणि खजिन्याचे संस्थापक नावानिशी सांगता येतात, आणि म्हणूनच संगीतालाही असा एखादा संस्थापक असलाच पाहिजे, ही अपेक्षा तेथे बळावली. इटलीच्या संगीताचा जनक कोण, असे कोणी फारसे विचारत नाही; अमेरिकेबाबत मात्र तो प्रश्न विचारला जातो आणि त्याची उत्तरेही अनेक मिळतात. या उत्तरांची छाननी करायची तर पहिला असणे आणि प्रवर्तक असणे यांतला भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. हिंदुस्थानी संगीतात घराण्याचा संस्थापक ठरतो तो त्याच्या आधी कोणी गायले नव्हते म्हणून नव्हे, तर त्याच्या गायकीतून पुढच्या पिढ्यांची गायकी निघाली म्हणून. हीच कसोटी येथे लावली, तर काही नामांकित दावे फार लवकर निकालात निघतात.

त्यांपैकी पहिला दावा फ्रान्सिस हॉपकिन्सन यांचा. फिलाडेल्फियाचे हे कायदेपंडित स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. 1759 मध्ये त्यांनी रचलेले एक गीत हस्तलिखितात टिकून आहे, आणि 1788 मध्ये आपला गीतसंग्रह जॉर्ज वॉशिंग्टन यांना अर्पण करताना, संगीतरचना करणारा या देशात जन्मलेला पहिला माणूस आपणच, हे श्रेय त्यांनी स्वतःच मागून घेतले. तारखेच्या हिशेबात दावा खोटा नसेलही. परंतु ते गीत इंग्लंडमधील दिवाणखान्यांत गायल्या जाणाऱ्या गीतांच्याच घाटणीचे होते आणि त्यातून पुढे कोणतीही परंपरा निघाली नाही.

बॉस्टनचे विल्यम बिलिंग्ज यांचा दावा मात्र असा सहज बाजूला सारता येत नाही. व्यवसायाने कातडी कमावणाऱ्या या माणसाने संगीताचे शिक्षण जवळजवळ स्वतःच घेतले, आणि 1770 मध्ये ‘द न्यू इंग्लंड साम सिंगर’ हा शंभराहून अधिक रचनांचा संग्रह छापला, ज्यातील सर्व रचना एकाच अमेरिकी रचनाकाराच्या होत्या. त्याचे मुखचित्र पुढे क्रांतीचा नायक ठरलेल्या पॉल रिव्हिअर यांनी कोरले होते. त्या काळी न्यू इंग्लंडच्या गावांतून ‘सिंगिंग स्कूल’ भरत. म्हणजे एखादा फिरता शिक्षक काही आठवडे गावात मुक्काम करी आणि तरुण मुलामुलींना स्वरलिपी वाचून प्रार्थनागीते गायला शिकवी. बिलिंग्ज हे असेच शिक्षक होते आणि त्यांच्या रचना याच हौशी, दणदणीत आवाजांसाठी लिहिलेल्या होत्या. त्यांच्या ‘फ्यूगिंग ट्यून’ विशेष गाजल्या. या प्रकारात चार आवाज एकामागोमाग एक प्रवेश करतात आणि जणू एकमेकांचा पाठलाग करत चाल पुढे नेतात. प्रत्येक रचनाकाराने आपले नियम आपणच ठरवावेत, अशा आशयाचे विधान त्यांनी आपल्या प्रस्तावनेत केले. राजकीय स्वातंत्र्याच्या आधी सहा वर्षे केलेले हे विधान कलेतील स्वातंत्र्याचा जाहीरनामाच म्हणावा लागेल. ‘चेस्टर’ ही त्यांची रचना स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांच्या तोंडी बसली होती. असे असूनही 1800 मध्ये बिलिंग्ज दारिद्र्यात वारले.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. लोवेल मेसन यांनी, ज्यांच्या प्रयत्नांमुळे 1838 मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत संगीताचा विषय सुरू झाला, युरोपीय स्वरसंवादाच्या नियमांना ‘शास्त्रशुद्ध’ ठरवले आणि बिलिंग्जसारख्यांचे संगीत ओबडधोबड म्हणून बाहेर काढले. संगीताचे एवढे शिक्षक घडवणाऱ्या मेसन यांना संगीतशिक्षणाचे प्रवर्तक म्हणता येईल. पण अमेरिकेला तिचा स्वतःचा आवाज देण्याऐवजी त्यांनी तो झाकला, असेच म्हणणे न्याय्य ठरेल. बिलिंग्ज यांच्या चाली मात्र मेल्या नाहीत. त्या दक्षिणेकडे गेल्या आणि जॉर्जियातील संग्राहकांनी 1844 मध्ये काढलेल्या ‘द सेक्रेड हार्प’ या संग्रहात टिकल्या, ज्यात त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि हिरा अशा चिन्हांच्या आकारांवरून स्वर ओळखले जातात आणि ज्यातून आजही सामुदायिक गायन चालते. परंपरा आहे, अखंड आहे; परंतु ती मुख्य प्रवाहापासून दूर वाहणारी आहे.

लोकमान्यतेच्या मापाने पदवी मिळते ती स्टीफन फॉस्टर यांना. पिट्सबर्गजवळ त्यांचा जन्म झाला 4 जुलै 1826 रोजी, म्हणजे जाहीरनाम्याच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, ज्या दिवशी थॉमस जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे दोन संस्थापक निधन पावले. या योगायोगाने त्यांच्या पदवीला केवढे बळ दिले असेल याची कल्पना करता येते. त्यांची ‘ओ! सुझाना’ (1848) आणि ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ (1851) ही गीते ‘मिन्स्ट्रेल शो’साठी होती. या कार्यक्रमांत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गुलामांच्या बोलण्याची, नाचाची आणि गाण्याची थट्टेखोर नक्कल करत. दुसरे गीत छापले गेले तेव्हा त्यावर मिन्स्ट्रेल मंडळीचे चालक ई. पी. क्रिस्टी यांचे नाव रचनाकार म्हणून आले, कारण फॉस्टर यांनी ते नाव लावण्याचा हक्क विकला होता. आणि ज्या सुवानी नदीच्या काठची ओढ ते गीत व्यक्त करते, ती त्यांनी नकाशातून निवडलेली होती. खोल दक्षिणेत ते प्रथम गेले ते 1852 मध्ये. तरीही फॉस्टर यांना केवळ नक्कलकार म्हणून उडवून लावणे योग्य नाही. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1855 मध्ये लिहिताना, ‘माय ओल्ड केंटकी होम’सारख्या गीतांनी गुलामांविषयी सहानुभूती जागी होते, असे नोंदवले होते, आणि त्यांच्यापेक्षा अधिकारी साक्षीदार मिळणे कठीण. 13 जानेवारी 1864 रोजी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात फॉस्टर वारले तेव्हा त्यांच्याजवळ 38 सेंट होते. 1951 मध्ये काँग्रेसने त्यांच्या स्मरणार्थ हाच दिवस मुक्रर केला, आणि 2018 मध्ये पिट्सबर्गने त्यांचा पुतळा हलवला, कारण त्यांच्या पायाशी बँजो वाजवणारा कृष्णवर्णीय माणूस बसवलेला होता. त्या शिल्पाने नकळत खरे तेच सांगितले होते, असे म्हणावेसे वाटते: बँजो हे आफ्रिकेतून आलेल्या गुलामांच्या हातून अमेरिकेत घडलेले वाद्य, आणि नक्कल ज्याची होते तो मूळ गायक नक्कलकाराच्या आधीचा असतो.

हेच सत्य एका परक्याने मोकळेपणाने उच्चारले. जेनेट थर्बर यांच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचे संचालक म्हणून 1892 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या अंतोनिन द्वोर्झाक यांनी, अमेरिकेच्या भावी संगीताची उभारणी कृष्णवर्णीयांच्या चालींवरच झाली पाहिजे, असे 1893 मध्ये जाहीर केले; बॉस्टनच्या रचनाकारांनी त्यावर नाके मुरडली. द्वोर्झाक यांना या चाली गाऊन दाखवणारा विद्यार्थी होता हॅरी बर्ले, ज्याचे आजोबा गुलाम होते. जानेवारी 1894 मध्ये झालेल्या एका मदतनिधी कार्यक्रमात द्वोर्झाक यांनी ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ची स्वतः केलेली वाद्यवृंद-मांडणी सादर केली, आणि एकल गायक होते बर्ले आणि सिसिरेटा जोन्स, दोघेही कृष्णवर्णीय. जे गीत त्यांच्याच लोकांच्या नकलेसाठी लिहिले गेले, ते आता त्यांच्याच आवाजात गायले गेले.

द्वोर्झाक यांना जनक म्हणणे हा अतिरेक होईल, कारण त्यांनी दाखवलेला खजिना त्यांच्या येण्यापूर्वीच जगासमोर आला होता. टेनेसीतील नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले फिस्क विद्यालय डबघाईला आले असता, जॉर्ज व्हाइट या खजिनदाराने 1871 च्या ऑक्टोबरात नऊ विद्यार्थी घेऊन निधी गोळा करण्यासाठी दौरा काढला. आरंभी ते गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीचीच गीते गात. ‘स्पिरिच्युअल’, म्हणजे गुलामांनी बायबलमधील मुक्तीच्या कथांवर रचलेली प्रार्थनागीते, परक्यांपुढे गायला ते कचरत, कारण ती आईवडिलांची खासगी, दुःखाची ठेव होती. नोव्हेंबरमध्ये ओहायोतील ओबर्लिन येथे पाद्र्यांच्या सभेत त्यांनी ती गायली आणि चित्र पालटले. 1873 मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियापुढेही गायन केले. फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालील पुढच्या संचाने हिंदुस्थानचाही दौरा केला. या गीतांचे गुण स्पिरिच्युअलपुरते राहिले नाहीत. एकाने ओळ टाकावी आणि समुदायाने उत्तर द्यावे ही पद्धत, तालाच्या ठोक्याआधी किंवा नंतर येणारा स्वर, मोकळी स्वरवळणे, हे सारे गॉस्पेल, ब्लूज आणि जॅझ या पुढच्या प्रकारांत सापडते. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि तेथल्या गोमंतकीय वादकांनी ज्याचा ध्यास घेतला, ते हेच संगीत.

त्या नऊ जणांत एला शेपर्ड होत्या. 1851 मध्ये नॅशव्हिलजवळ गुलामगिरीत त्यांचा जन्म झाला, वडिलांनी पैसे भरून त्यांना सोडवले, आणि पुढे त्या या मंडळीच्या पियानोवादक, तालमी घेणाऱ्या आणि गीते टिपून घेणाऱ्या सहायक दिग्दर्शक झाल्या. 1872 मध्ये ही गीते प्रथम छापली गेली तेव्हा स्वरलिपीकार म्हणून नाव होते थिओडोर सिवर्ड यांचे. एकच नाव द्यायचे झाले तर ते शेपर्ड यांचे द्यावे. त्यांनी गीते रचली नव्हती, हा आक्षेप खरा आहे. पण घराण्याच्या कसोटीत रचना अत्यावश्यक नसते, ऐकलेले पुढे नेण्याजोगे करणे आवश्यक असते, आणि ते काम त्या मंडळीत मुख्यतः त्यांच्याकडे होते. फॉस्टर यांचा व्यापार, बिलिंग्ज यांचा स्वाभिमान आणि मेसन यांच्या शाळा यांचे ऋण त्याने कमी होत नाही. फिस्कच्या गायकांनीही आपल्या कार्यक्रमांतून फॉस्टर यांना वगळले नव्हते.